मिठाचा पुडा, मिश्रीची डबी आणि बीपी

बीपी म्हणजे बसून खाणाऱ्यांचा, शहरातल्या टेन्शनवाल्यांचा आजार, ही समजूत करमाळ्यापासून अक्कलकोटपर्यंत कुठल्याही पारावर ऐकायला मिळते. रानात राबणारा, अंगाने काटक माणूस या हिशेबात स्वतःला धरतच नाही. "आपल्याला कसला बीपी?" म्हणतो आणि मोजायचं टाळतो. घोटाळा इथेच होतो, कारण हा आजार मोजल्याशिवाय कळत नाही. डोकं दुखत नाही, भूक-झोप नीट असते आणि आत दाब मात्र दीडशे-एकशेसाठच्या घरात वर्षानुवर्षं मुक्काम ठोकून असतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाने भारतात दर चार प्रौढांमागे एकाला तरी उच्च रक्तदाब आहे आणि त्यातल्या जेमतेम १२ टक्क्यांचा दाब ताब्यात आहे. बाकीच्यांतल्या कित्येकांना तो आहे हेच ठाऊक नाही.

सोलापूर जिल्ह्यातल्या गावांत तो ज्या वाटांनी शिरतो त्या शहरापेक्षा थोड्या वेगळ्या आहेत. उजनीचं पाणी आलं, ऊस आला, दारात मोटारसायकल आली, चालणं कमी झालं, हे खरंच आहे. पण त्याहून मोठा हात आहे तो मिठाच्या पुड्याचा, मिश्रीच्या डबीचा, बाजारच्या दिवशी घेतलेल्या अंगदुखीच्या गोळीचा आणि अर्ध्यात सोडून दिलेल्या औषधाचा.

ठिबकच्या गेजवरून

ज्याच्या शेतात ठिबक आहे त्याला दाबाबद्दल फार सांगावं लागत नाही. मोटार चालू केली की फिल्टरजवळच्या गेजचा काटा वर जातो. तो किती वर जाणार हे मोटारीच्या जोरावर ठरतं, तसंच पुढच्या नळ्यांतल्या अडथळ्यावरही. बोअरच्या क्षाराने फिल्टर आणि नळ्या चोंदल्या की मोटार तीच, पाणी तेच, तरी काटा चढतो. आणि जोर जास्त झाला की नळी जिथे नाजूक तिथे फुटते.

शरीरात मोटार म्हणजे हृदय, नळ्या म्हणजे धमन्या. शेवटच्या, केसासारख्या बारीक धमन्या आखडल्या की मागचा दाब वाढतो. शरीरात मीठ आणि त्याच्याबरोबर पाणी साठून राहिलं तरी दाब वाढतो. किती मीठ ठेवायचं आणि किती लघवीवाटे सोडायचं हे मूत्रपिंडं ठरवतात, त्यामुळे बीपीच्या बहुतेक गोष्टी फिरून मूत्रपिंडापाशी येतात.

एका ठिकाणी मात्र ठिबकचं उदाहरण अपुरं पडतं. प्लास्टिकची नळी दाबाने जाड होत नाही, जिवंत धमनी होते. जास्त दाब सोसता सोसता तिची भिंत जाड आणि कडक बनते, आतली वाट अरुंद होते आणि दाब आणखी चढतो. वेळेवर सापडलेला बीपी अनेकदा एका गोळीवर भागतो आणि दहा वर्षं दुर्लक्षित राहिलेल्याला तीन गोळ्या लागतात, त्यामागे हे एक मोठं कारण आहे.

आकडे दोन असतात. हृदय आवळतं त्या क्षणीचा दाब म्हणजे वरचा आकडा, दोन ठोक्यांमध्ये ते सैल पडतं तेव्हाचा खालचा. दवाखान्यात वेगवेगळ्या दिवशी, दोन वेळा नीट मोजून वरचा १४० किंवा त्याहून जास्त, नाहीतर खालचा ९० किंवा जास्त आला, तर त्याला उच्च रक्तदाब म्हणतात. दोन्हींपैकी एक वाढला तरी पुरे. घरी निवांत मोजताना हीच सीमा १३५/८५ धरतात. एकदाच १५० आला म्हणून आजार ठरत नाही, पण १८०/११० च्या पुढे गेला तर पुढच्या आठवड्याची वाट न बघता त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवायचं.

"वयात शंभर मिळवायचे, तेवढा बीपी चालतो" हा हिशेब अजून अनेक घरांत चालतो. त्या हिशेबाने ६५ वर्षांच्या आजोबांचा १६५ बरोबर ठरतो. तो बरोबर नाही. वय झालं की दाब वाढताना दिसतो हे खरं, पण वाढलेला दाब म्हाताऱ्या धमनीला सोसतो असं मुळीच नाही. चाळिशी ते सत्तरीच्या माणसांत वरचा आकडा २० ने वाढला की लकव्याने किंवा हृदयविकाराने दगावण्याचा धोका साधारण दुप्पट होतो. उलट बाजूही तितकीच खरी आहे. वरचा आकडा फक्त १० ने उतरवला तरी लकव्याचा धोका जवळजवळ पाव हिश्शाने कमी होतो.

आणखी एक गैरसमज या भागात फार नुकसान करतो. चक्कर आली, घाम सुटला, हातापायातलं बळ गेलं की "बीपी लो झालाय" म्हणतात आणि मीठ-साखरेचं पाणी पाजतात. बऱ्याचदा ते अशक्तपणातलं रक्त कमी असणं असतं, उपाशीपोटीचं काम असतं, नाहीतर ऊन असतं. काहींचा तर त्या वेळी दाब चढलेला असतो. अशा माणसाला रोज मिठाचं पाणी देणं म्हणजे आगीत तेल. लो की हाय, हे मशीनने सांगायचं, अंदाजाने नाही.

मोजताना होणाऱ्या चुका

शिबिरात, एसटी स्टँडवरच्या तपासणीत, नाहीतर मेडिकलच्या काउंटरवर उभ्या उभ्या घेतलेला आकडा बहुतेक वेळा चुकीचा असतो. वारीत तर पालखीबरोबर चालत आलेला माणूस थेट खुर्चीत बसतो आणि हात पुढे करतो. मशीन बिघडलेलं नसतं, माणूस तयार नसतो.

मोजण्याआधी अर्धा तास चहा, तंबाखू, मिश्री, बिडी काही नको. लघवी करून यायचं. भरलेल्या मूत्राशयाने आकडा दहाच्या आसपास वाढू शकतो. मग पाठ टेकून, दोन्ही पाय जमिनीवर ठेवून, मांडीवर मांडी न टाकता पाच मिनिटं गप्प बसायचं. या गप्प बसण्याला फार महत्त्व आहे. आशाताई ओळखीच्या असतात, गप्पा सुरू होतात, आणि नुसत्या बोलण्याने वरचा आकडा दहा-एकने चढतो.

दंडावर कापड नको. नऊवारी-सहावारीवर ब्लाउजची घट्ट बाही असते, पुरुष सदऱ्याची बाही गोळा करून वर सारतात. ती गोळा झालेली बाही दोरीसारखी दंड आवळते आणि आकडा बिघडतो. सदऱ्यातून हात बाहेर काढलेला बरा. पट्टा कोपराच्या खळीच्या दोन बोटं वर बांधायचा, नळी खळीकडे, आणि पट्ट्याखाली दोन बोटं जेमतेम शिरतील इतका घट्ट. हात टेबलावर, पट्टा छातीच्या मध्याच्या उंचीला. हात मांडीवर लोंबता ठेवला तर दर १० सेंटिमीटरला ७-८ ची वाढ फुकट मिळते.

पट्ट्याचं माप कोणी बघत नाही, पण ते बघायला हवं. घरगुती मशीनबरोबर येणारा पट्टा साधारण २२ ते ३२ सेंटिमीटर घेराच्या दंडासाठी असतो. पैलवानी दंडाला तो तोकडा पडतो आणि खोटाच जास्त आकडा दाखवतो. त्यांनी मोठा पट्टा मागून घ्यावा. मनगटावरची मशीन घेऊ नयेत. हात किंचित वर-खाली झाला तरी त्यांचा आकडा बदलतो.

पहिल्यांदा दोन्ही हातांचा बीपी घ्या आणि ज्या हाताचा जास्त येतो तोच हात कायम वापरा. दर वेळी एका मिनिटाच्या अंतराने दोनदा मोजून सरासरी काढा. घरी मशीन असेल तर सात दिवस सकाळी गोळी घेण्याआधी आणि संध्याकाळी जेवणाआधी मोजा, वहीत लिहा, पहिल्या दिवसाचे आकडे सोडून बाकीच्यांची सरासरी डॉक्टरांना दाखवा. ही एक पानाची वही डॉक्टरांना चार भेटींइतकं सांगते. नाडी अनियमित चालत असेल तर डिजिटल मशीनवर विसंबू नका, दवाखान्यात हाताने पंप मारायच्या मशीनवर मोजून घ्या.

गावच्या उपकेंद्रात, म्हणजे आताच्या आयुष्मान आरोग्य मंदिरात, ३० वर्षांवरच्या सगळ्यांचा बीपी आणि साखर तपासायची सोय आहे. वर्षातून एकदा, काही होत नसताना जायचं.

पानातलं मीठ

जागतिक आरोग्य संघटना मोठ्या माणसाला दिवसाला ५ ग्रॅमपेक्षा कमी मीठ सांगते. म्हणजे सपाट भरलेला चहाचा एक चमचा, सगळं धरून. कोणी किती खातं हे ओळखायला प्रयोगशाळा लागत नाही. मिठाच्या पुड्यावर फोडल्याची तारीख लिहा. घरात पाच मोठी माणसं असतील आणि किलोचा पुडा वीस दिवसांत संपत असेल, तर माणशी रोज १० ग्रॅम झालं. गुरांना घातलेलं आणि लोणच्याला वापरलेलं वजा करा, बाहेरच्या फरसाणाचं मिळवा. पाच माणसांना महिन्याला पाऊण किलो, हे गाठायचं माप.

या बाबतीत ज्वारीची भाकरी हे या मुलखाचं भाग्य आहे. मंगळवेढ्याची मालदांडी असो की घरची कोणतीही शाळू, भाकरीच्या पिठात मीठ पडत नाही. चपातीच्या कणकेत पडतं, पावात पडतं, चहाबरोबरच्या खारी-टोस्टात पडतं. त्यामुळे भाकरी सोडून चपाती-पावाकडे वळणं हे बीपीच्या दृष्टीने उलटं पाऊल आहे. अडचण भाकरीची नाही, तिच्या सोबत्यांची आहे.

एका माणसाच्या एका दिवसाचा हिशेब बघा. शेंगा चटणी पाव किलो शेंगदाण्यांची केली आणि तिला दोन सपाट चहाचे चमचे, म्हणजे १०-१२ ग्रॅम मीठ घातलं, तर एका मोठ्या चमच्यात अर्ध्या ग्रॅमहून थोडं जास्त मीठ येतं. दिवसभरात दोन चमचे झाले की एक ग्रॅम. ठेच्याला अर्धा चमचा मीठ घालून दोघांनी वाटून खाल्ला तर वाट्याला सव्वा-दीड ग्रॅम. कैरीच्या लोणच्यात मीठ वजनाच्या दहा टक्क्यांहून जास्तच असतं, तेव्हा मसाल्यासकट दोन फोडी खाल्ल्या की आणखी दीड-दोन ग्रॅम. पानाच्या कडेला बसलेल्या या तिघांनी मिळूनच चार-साडेचार ग्रॅम झाले. कालवणाला अजून हात लागलेला नाही, आणि काही घरांत पानाच्या कोपऱ्यात वरून मीठ वाढलेलं असतं ते वेगळंच.

म्हणून कालवण अळणी करून घरात भांडण लावण्याआधी कडेच्या पदार्थांना हात घाला. ठेचा, लोणचं, पापड यांपैकी एका जेवणाला एकच. चटणीतलं मीठ निम्मं करून लसूण, जिरं, भाजलेले तीळ वाढवा. जवस आणि कारळ्याची चटणी कमी मिठातही चविष्ट लागते. चिंच आणि लिंबाचा आंबटपणा मिठाची उणीव बरीच झाकतो. कालवणातलं मीठ दर पंधरा दिवसांनी थोडं थोडं उतरवा. जिभेला नवी चव महिनाभरात सवयीची होते, एकदम तोडलं तर चार दिवसांत पुडा परत चुलीजवळ येतो. भजीतला खायचा सोडा आणि पित्तावर घेतात ती फेसाळणारी पावडर यांतही सोडियमच असतं. रोज घेत असाल तर ते मिठाच्या खात्यात धरा.

उपासाचं सैंधव मीठही सोडियम क्लोराइडच आहे, बीपीला त्याने सूट मिळत नाही. वेगळं आहे ते कमी सोडियमचं मीठ, ज्यात चतुर्थांशाच्या आसपास पोटॅशियम क्लोराइड असतं. चीनच्या ६०० खेड्यांत सुमारे २१ हजार माणसांवर अशा मिठाचा अभ्यास झाला, २०२१ साली तो प्रसिद्ध झाला. नेहमीचं मीठ खाणाऱ्यांपेक्षा या मिठावरच्यांत लकव्याचं प्रमाण १४ टक्क्यांनी कमी आढळलं. पण मूत्रपिंडाचा आजार असेल किंवा टेल्मिसार्टनसारखी बीपीची गोळी चालू असेल तर हे मीठ डॉक्टरांना विचारल्याशिवाय घरात आणू नका. पोटॅशियम रक्तात साठलं तर हृदयाचे ठोके बिघडतात.

"उन्हात एवढा घाम जातो, मीठ तर लागणारच" ही शंका रास्त आहे. मीठ घामातून जातं. पण उन्हाची सवय झालेल्या शरीराच्या घामातलं मीठ कमी होत जातं, आणि जे जातं ते दोन वेळच्या जेवणातून बहुतेकांना भरून मिळतं. एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशीच्या पुढे असताना तासन्‌तास काम करणाऱ्याने पाणी, जेवण, ताक वेळेवर घ्यावं. म्हणून ताकात मूठभर मीठ टाकायचं कारण नाही.

मिश्री, बिडी आणि अंगदुखीची गोळी

तव्यावर तंबाखू काळी होईतो भाजायची, कुटून डबीत भरायची आणि बोटाने हिरड्यांना लावायची. मिश्रीला अनेक घरांत व्यसनात मोजतच नाहीत, ती दात घासण्यात मोडते. सकाळी पोट साफ व्हायला म्हणून सुरू होते आणि दिवसातून चार-पाच वेळा बोट डबीत जातं. निकोटीन हिरडीतून थेट रक्तात उतरतं, काही मिनिटांत नाडी वाढते, धमन्या आखडतात, दाब चढतो. थोड्या वेळाने उतरतो, मग पुन्हा बोट. बिडी, तंबाखू-चुना, मावा, सगळ्यांचं हेच. बिडीच्या धुराने त्यावर धमन्यांच्या आतल्या अस्तरालाही इजा होते. बीपी आणि तंबाखू एकत्र असले की लकव्याचा आणि हार्ट अटॅकचा धोका नुसत्या बीपीपेक्षा कितीतरी वाढतो.

सोलापूर शहराभोवती बिड्या वळणाऱ्या हजारो बाया दिवसभर मांडीवर सूप घेऊन एका जागी बसतात. तंबाखूची धूळ श्वासात आणि निकोटीन हाताच्या कातडीतून, असा त्यांना दुहेरी संपर्क असतो. त्यांनी मध्येमध्ये उठावं, जेवणाआधी साबणाने हात धुवावेत, आणि बीपी वर्षातून एकदा नाही, सहा महिन्यांनी बघावा. तंबाखू सोडायला मदत हवी असेल तर १८००-११-२३५६ हा सरकारी फोन नंबर फुकट आहे. पहिला आठवडा डोकं जड होतं, चिडचिड होते. तो काढला की पुढचं सोपं जातं.

आता अंगदुखीच्या गोळीकडे नीट बघू, कारण तिच्याकडे कोणाचं लक्ष नसतं. खुरपणी, काढणी, मोळ्या उचलणं, यंत्रमागावर उभं राहणं, संध्याकाळी कंबर धरते. मग डायक्लोफेनॅक, ॲसिक्लोफेनॅक, आयब्युप्रोफेन अशी एखादी गोळी दुकानातून येते. या गोळ्या मूत्रपिंडाला मीठ आणि पाणी धरून ठेवायला लावतात. दाब वाढतो, आणि बीपीच्या काही गोळ्यांचा असर कमी होतो. डॉक्टर बीपीची मात्रा वाढवत राहतात आणि खरं कारण खिशातल्या पाकिटात असतं. कागदाच्या पुडीत मिळणाऱ्या सुट्या गोळ्यांत कधी स्टेरॉइड असतं. त्याने एका दिवसात हुशारी वाटते, आणि बीपी, साखर दोन्ही चढतात.

सगळ्यात वाईट जोडी उन्हाळ्यात जमते. लघवी वाढवणारी बीपीची गोळी, सोबत टेल्मिसार्टन, त्यावर अंगदुखीची गोळी, आणि दिवसभर पाणी कमी. ही तिन्ही औषधं वेगवेगळ्या बाजूंनी मूत्रपिंडाचा रक्तपुरवठा तोडतात आणि चांगली मूत्रपिंडं काही दिवसांत निकामी होऊ शकतात. दुखत असेल तर शेक द्या, पॅरासिटामॉल मोजक्या मात्रेत घ्या, आणि प्रत्येक डॉक्टरला "मला बीपीची अमुक गोळी चालू आहे" हे पाकीट दाखवून सांगा. खोकल्यावर रोज ज्येष्ठमध चघळण्यानेही बीपी वाढतो, हे अनेकांना माहीत नसतं. सर्दीच्या काही गोळ्याही वाढवतात.

दारू वाढवते, हातभट्टी असो की बाटलीतली. झोपेत जोरात घोरून श्वास अडकणाऱ्यांचा बीपी अनेकदा गोळ्यांना सहज दाद देत नाही. आईबापांपैकी एकाला बीपी असेल तर मुलांनी तिशीपासूनच मोजावं. आणि काटकपणाबद्दल एवढंच, की जन्मतः वजन कमी असलेल्यांना मोठेपणी बीपीचा धोका जास्त असतो. सुकलेलं अंग हे संरक्षण नव्हे.

बायकांच्या दोन गोष्टी वेगळ्या सांगायला हव्यात. पाचव्या महिन्यानंतर गरोदर बाईचा बीपी १४०/९० झाला तर ते साधं दुखणं नाही. त्याबरोबर डोकं ठणकणं, डोळ्यांपुढे अंधारी, छातीखाली बरगडीजवळ दुखणं किंवा तोंडावर सूज असेल तर त्याच दिवशी मोठ्या दवाखान्यात न्यायचं. ज्यांना बाळंतपणात बीपी झाला त्यांचा नंतर उतरला तरी पुढच्या आयुष्यात परत येण्याची शक्यता जास्त असते, त्यांनी दर वर्षी मोजावं. पाळणा लांबवण्याच्या माला-एन सारख्या गोळ्यांनी काहींचा बीपी वाढतो. सुरू करण्याआधी आणि नंतरही मोजून घ्यावा.

गोळी बंद का करायची नाही

सरकारी दवाखान्यात सहसा तीन औषधांपैकी एक किंवा जास्त मिळतात. ॲम्लोडिपिन आखडलेल्या धमन्या सैल करते. टेल्मिसार्टन मूत्रपिंडापासून निघणाऱ्या दाबाच्या साखळीला अडवते. क्लोरथॅलिडोन जास्तीचं मीठ-पाणी लघवीवाटे काढते. ही औषधं सरकारी दवाखान्यांत मोफत आहेत.

महिनाभरात आकडा १२८/८० येतो आणि माणूस म्हणतो, "बरा झालो." जिल्ह्यातल्या बीपीच्या गोष्टीतलं सगळ्यात घातक वळण हेच आहे, मिठापेक्षाही. १२८ हा गोळीचा आकडा आहे. गोळी थांबली की दाब काही दिवसांत-आठवड्यांत जुन्या जागी जातो, आणि कळत नाही, कारण तो दुखत नाही. "एकदा लागली की सवय लागते" ही भीतीही चुकीची आहे. गोळीची सवय लागत नाही, आजार टिकून असतो. वजन उतरलं, मीठ आणि तंबाखू सुटली तर डॉक्टर मात्रा कमी करू शकतात, पण ती मोजून, पायरी पायरीने. ॲटेनोलॉल किंवा मेटोप्रोलॉल ही बीपीची गोळी चालू असेल तर ती एकाएकी तोडणं धोक्याचं असतं, नाडी आणि दाब दोन्ही उसळतात.

ॲम्लोडिपिनने काहींच्या घोट्यांना संध्याकाळी सूज येते. लोक त्याला किडनी गेली समजतात आणि गोळी फेकतात. बहुधा ती सैल झालेल्या बारीक नसांतून पाझरलेल्या पाण्याची सूज असते. डॉक्टरांना दाखवा, ते मात्रा कमी करतात किंवा जोडीला दुसरी गोळी देतात. टेल्मिसार्टन गरोदरपणात चालत नाही, मूल हवं असेल तर आधीच सांगा. टेल्मिसार्टन किंवा क्लोरथॅलिडोन घेणाऱ्यांनी वर्षातून एकदा तरी रक्तातलं क्रिएटिनिन (मूत्रपिंडाचं काम दाखवणारा आकडा), पोटॅशियम आणि सोडियम तपासावं. बीपीच्या प्रत्येक रुग्णाने वर्षाला लघवीतली प्रथिनं, साखर आणि एकदा ईसीजी बघावा.

ऊसतोडीच्या टोळीची पहाट तीन-चारला होते, गाडी भरायची वेळ नक्की नसते. अशांना "रोज आठ वाजता" सांगून उपयोग नाही. ॲम्लोडिपिन शरीरात दीड दिवसाच्या आसपास रेंगाळते, म्हणून घड्याळ कोणतं हे महत्त्वाचं नाही, रोज एकच ठरलेली खूण पाहिजे. पहिल्या चहाबरोबर घ्या. एक दिवस चुकला तर आठवण होईल तेव्हा घ्या, दुसऱ्या दिवशी दुप्पट नको. गाव सोडण्याआधी उपकेंद्रातून जास्तीत जास्त दिवसांच्या गोळ्या आणि औषधाचं नाव-मात्रा लिहिलेला कागद घ्या, तो कारखान्याजवळच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात दाखवला की तीच औषधं पुढे चालू राहतात. वारीला जाणाऱ्यांनी वीस-बावीस दिवसांच्या गोळ्या प्लॅस्टिकच्या डबीत बांधून न्याव्यात, पिशवी पावसात भिजतेच.

एकादशीला गोळी चालते. पाण्याबरोबर घेतलेल्या गोळीने उपास मोडत नाही, असं घरातल्या वडीलधाऱ्यांनी एकदा मोठ्याने म्हटलं तर अनेकींची अडचण सुटेल. उपासाचे वेफर्स आणि खारे शेंगदाणे मात्र जपून.

उन्हाळ्यात बीपी थोडा उतरतो, हुरड्याच्या दिवसांत, थंडीत, थोडा चढतो. उन्हाळ्यात उठताना अंधारी येत असेल तर बसून मोजा, मग उभं राहून एका आणि तीन मिनिटांनी पुन्हा मोजा. उभं राहिल्यावर वरचा आकडा २० किंवा जास्त पडला तर डॉक्टरांना दाखवून मात्रा बदलून घ्या. मनाने अर्धी करू नका. जुलाब-उलट्या लागल्या असतील तर क्लोरथॅलिडोन आणि टेल्मिसार्टनबद्दल त्याच दिवशी विचारा.

अंगावरून वारं गेलं तर

बीपीने धमनी तुंबली किंवा फुटली की लकवा होतो. तोंड एका बाजूला वाकडं, एक हात किंवा पाय लुळा, बोबडं बोलणं, यांपैकी एक जरी अचानक दिसलं तरी १०८ ला फोन करायचा. माणसाला कुशीवर झोपवा. तोंडात पाणी, चहा, काही घालू नका, गिळता येत नसतं आणि ते फुप्फुसात जातं. तेल चोळण्यात, अंगारा आणण्यात, बाहेरच्या कोणाला बोलावण्यात वेळ घालवू नका. घरातली बीपीची गोळी जिभेखाली ठेवू नका, दाब एकदम कोसळून मेंदूचा उरलेला भागही उपाशी राहतो.

गुठळी विरघळवणारं इंजेक्शन सुरुवातीपासून साडेचार तासांच्या आत द्यावं लागतं, आणि त्याआधी सीटी स्कॅन करून रक्तस्राव नाही हे बघावं लागतं. करमाळा ते सोलापूर रस्ता सव्वाशे किलोमीटरांहून जास्त आहे, म्हणजे अर्धा वेळ गाडीतच जाणार. जिथे सीटी आहे अशाच दवाखान्यात थेट न्या, मधे तीन ठिकाणी थांबू नका. डॉक्टर पहिला प्रश्न विचारतील तो वेळेचा. झोपेतून उठताना लकवा दिसला असेल तर "सकाळी सहाला" हे उत्तर चुकीचं आहे. रात्री झोपण्याआधी त्यांना चालता-बोलताना शेवटचं ठीक कोणी आणि किती वाजता पाहिलं, ती वेळ सांगायची. गाडीत बसण्याआधी ती कागदावर लिहा आणि चालू गोळ्यांच्या पाकिटांबरोबर खिशात ठेवा.